निवटे बघायला थांबलेली माणसं

परवा इथे सिंगापूरला सुंगेई बुलोह या राखीव पाणथळ जागेतल्या लाकडी पुलावर आठ-दहा माणसं खाली चिखलात टक लावून उभी होती. मगर असेल म्हणून मीही वाकले. निवटे! चिखलात राहणारे मासे: डोक्यावर आलेले डोळे, परांवर रेटत गाळातून सरकणं, मध्येच टुणकन उडी. एक आजोबा नातीला सांगत होते, अंग ओलं असेल तोवर हा कातडीतूनही श्वास घेतो. मला भरूनच आलं.

ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशी आमच्या दारात निवटे आणायच्या, टोपलीत वळवळणारे. आई मीठ चोळून बुळबुळ काढायची. आमची ओळख तेवढीच. लोकल कळव्याच्या पुलावर आली की नाकाला रुमाल. खाडी म्हणजे वास, बस.

इथे ही जागा 1993 पासून जपलीय, कागदाचा कपटा दिसत नाही. कौतुक आहेच. पण ऑफिसातली एकजण "तुमच्याकडे असं नसेल ना?" म्हणाली, तेव्हा गप्प बसवेना. ठाणे खाडीची 6,521 हेक्टर जागा 2022 मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, त्यातच 2015 चं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. आणि इथे फलक वाचून कळतं ते मावशींना तिथीवरून कळतं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. कोळीवाडा इथे कुठून आणणार?

जानेवारीत सुट्टीवर गेले तेव्हा बाबांबरोबर ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेले होते. तिवरांची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्यापलीकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत होते. बोटवाले दादा म्हणाले, "भरती चढली की हा चिखल बुडतो. मग हे सगळे नेरुळच्या तळ्यांवर जातात." म्हणजे खाडी राखली आणि ती तळी बुजवली, तर भरतीच्या वेळी या पाखरांनी उतरायचं कुठे? हे ठाण्यात वाढूनही मला माहीत नव्हतं. लांब राहून बोलणं सोपं आहे, मान्य. पण लांब गेले म्हणूनच खाडीकडे वळून पाहिलं, हेही खरं.

पुलावरूनच आईला व्हिडिओ कॉल केला. "केवढे मोठे आहेत गं!" म्हणाली. चाळीस वर्षं ठाण्यात आहे, पण खाडीत एकदाही गेलेली नाही. मार्चचं तिकीट काढलंय. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, ती बाबा विचारून ठेवणार आहेत, तिघांसाठी.