४१ नंबरची इमारत: ३७६ मिलिमीटरचा हिशेब लागला

जुन्या इमारती मोजून त्यांचे आराखडे काढायचं आपलं काम चालू आहे. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की त्यातल्या ४१ नंबरचा वरचा मजला जुळत नाहीये, म्हणजे त्याच्या आतल्या मापांची बेरीज बाहेरच्या मापाएवढी येत नाहीये, आणि तो जुळल्याशिवाय पुढच्या गल्लीत जायचं नाही. तीन आठवडे गेले. काल संध्याकाळी तो जुळला, आणि जुळता जुळता इमारतीबद्दलची माझी सगळी समजूतच बदलली. रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसले आहे.

आधी अडचण पुन्हा सांगते. पोलादी टेपने बाहेरून घेतलेली लांबी १६.४२ मीटर. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि चार भिंतींच्या जाड्या यांची बेरीज १६.०४४. म्हणजे ३७६ मिलिमीटर गायब. १:५० च्या आराखड्यावर हे साडेसात मिलिमीटर होतात. पेन्सिल जाड होती म्हणून सोडून देण्यासारखी ही चूक नव्हे. तळमजला मात्र पहिल्याच दिवशी जुळला होता. तिथे तिन्ही खोल्यांची दारं एका रेषेत आहेत, त्यामुळे टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून एकाच शून्यापासून सलग मापं घेता आली. वर दारं मागेपुढे आहेत. म्हणून प्रत्येक खोली लेझर मीटरने सुटी मोजली आणि भिंतींची जाडी दाराच्या चौकटीत घेतली. सुट्या मापांत प्रत्येक चूक बेरजेत उतरते हे आपण सगळे जाणतो, पण प्रत्यक्षात ती किती ठिकाणांहून उतरते याचा अंदाज मला नव्हता.

पहिला संशय टेपवर घेतला. बाहेरची मापं भर उन्हात घेतली होती. पोलाद दर अंशाला दहा लाखांत साधारण साडेअकरा भाग वाढतं. सोळा मीटरला दहा अंशांचा फरक धरला तरी जेमतेम दोन मिलिमीटर. टेपला झोळ पडला म्हणावं, तर तोही इतका पडत नाही. बाहेरचा गिलावा दोन्ही टोकांना धरून पाच सेंटिमीटरच्या वर जात नाही. भिंती ओळंब्यात नसतील म्हणून तीन ठिकाणी ओळंबे सोडले. वरपासून खालपर्यंत सगळ्यात मोठा झुकाव १८ मिलिमीटर निघाला. एवढ्यात पहिला आठवडा गेला.

दुसऱ्या आठवड्यात मला वाटायला लागलं की आत कुठेतरी बुजवलेला जिना किंवा धुराडं असणार. हा मोह फार वाईट. आकडे जुळत नाहीत म्हणून इमारतीत पोकळी कल्पायची आणि मग भिंतीवर टकटक करत फिरायचं! दोन संध्याकाळी मी तेच केलं. भिंती सगळीकडे भरीव वाजल्या.

वाट सापडली ती कर्णांमुळे. पहिल्या भेटीत पहिल्या दोन खोल्यांचे कर्ण घेताच आले नव्हते, कारण सामान छतापर्यंत रचलेलं होतं. तिसऱ्या भेटीत घरमालकीणबाई आपणहून म्हणाल्या, "अहो, तुम्ही सारख्या येताय, मीच पसारा हलवून ठेवलाय." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. लेझर मीटरचं अंग कोपऱ्यात नीट बसत नाही, म्हणून कर्ण टेपने घेतले. दुसऱ्या खोलीच्या जुन्या बाजू ४.८८ आणि ३.८८, नवे कर्ण दोन्ही ६.४०. घरी येऊन त्रिकोण मांडले, तर प्रत्येक कोपरा ९३ अंशांच्या वर. चारही! चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३७२ अंशांच्या पुढे जात होती. भिंत वाकडी असू शकते, मजला उतरता असू शकतो, पण सपाट जमिनीवरच्या कुठल्याच खोलीला ३६० पेक्षा जास्त अंश नसतात. म्हणजे दोष इमारतीत नव्हता, माझ्या वहीत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच बाजू टेपने पुन्हा घेतल्या. पाच मीटरच्या भिंतीत फरक ११८ मिलिमीटर, चार मीटरच्या भिंतीत ११८, आणि खिडकीलगतच्या मीटरभराच्या कोनाड्यातही ११८. टेप ताणली गेली असती तर लांब मापात जास्त आणि आखूड मापात कमी फरक पडला असता. इथे लांबीशी संबंधच नव्हता. हा सरळसरळ शून्यदोष, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते तो शून्यच सरकलेला! लेझर मीटर पट्टीवर ठेवून पाहिलं, तर त्याच्या अंगाची लांबी बरोबर ११८ मिलिमीटर.

मग सगळं आठवलं. खिडकी भिंतीत किती खोल आहे ते मोजताना मी यंत्राला माप त्याच्या पुढच्या कडेपासून धरायला लावलं होतं. ते परत मागच्या कडेवर न आणताच पहिल्या दोन खोल्या मोजल्या. तिसऱ्या खोलीआधी यंत्र आपोआप बंद पडलं, आणि पुन्हा चालू झाल्यावर ते स्वतःहून मागच्या कडेवर आलं. म्हणून तिसरी खोली बरोबर आणि पहिल्या दोन आखूड. लेझर मीटर वेगवान आहे, एकट्या माणसाचं काम सोपं करतो, मी तो सोडणार नाही. पण पडद्यावर कोपऱ्यात तांदळाएवढी खूण दाखवून इतकी मोठी गोष्ट सांगायची, ही रचना चुकीचीच आहे. टेपला शून्य कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

वहीतले चुकीचे आकडे मी खोडले नाहीत. लाल शाईने बाजूला दुरुस्ती लिहिली, तारीख घातली. अमेरिकेत १९३३ साली वास्तुविशारद चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावातून ऐतिहासिक इमारतींची जी देशव्यापी मोजणी सुरू झाली, तिच्या आराखड्यांबरोबर जागेवरच्या वह्याही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपल्या जातात. आराखड्यात फक्त निकाल असतो. तो कसा आला, हे पाहायला वहीच उघडावी लागते.

आता दोनदा ११८ म्हणजे २३६. तीनशे शहात्तरातून दोनशे छत्तीस वजा केले, उरले १४०. खरी गंमत इथून सुरू झाली.

हे १४० मिलिमीटर कुठल्याच सेटिंगने जाईनात. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीमधल्या दारातून दोरी ताणली आणि दोन्हीकडून मधल्या भिंतीपर्यंतची अंतरं घेत मागे सरकत गेले. दारापाशी भिंत ४६० मिलिमीटर, दारालगतच्या लाकडी कपाटाच्या पलीकडे ६००. मधली पायरी त्या कपाटाच्या कुशीत पूर्ण झाकली गेली होती. कपाटाची मागची फळी एका खिळ्यावर लोंबत होती, ती अलगद बाजूला केली आणि बॅटरी आत धरली. ४६० ची जुनी भिंत सरळ पुढे जाते, आणि तिला टेकून, तिच्यात कुठेही न गुंतता, अर्ध्या विटेची दुसरी भिंत उभी आहे. तिच्या कडेला विटांची तोंडं, चुन्याची दरज आणि वर बोटभर जाडीचा गिलावा, सगळं उघडं दिसत होतं. अर्धी वीट आणि गिलावा मिळून १४०.

अंधार पडल्यावर दर्शनी भिंतीवर बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा प्रकाश टाकला. दिवसा सपाट दिसणाऱ्या गिलाव्यात वळचणीपासून जोत्यापर्यंत एक उभी रेघ उमटली, नेमकी मधल्या भिंतीच्या ओळीत. मागच्या बाजूला वीटकाम उघडं आहे. तिथे शिडी लावून पाहिलं, तर त्याच ओळीत सांधेमोड, म्हणजे थरांमधली विटांची एकमेकांतली गुंफण, तुटलेली: डावीकडच्या विटा कोपरा नीट बांधून संपतात, उजवीकडचे थर नुसते येऊन टेकतात. दरजा धरून चार थर मोजले. डावीकडे २७० मिलिमीटर, उजवीकडे ३१०. वीटही वेगळी.

म्हणजे ४१ ही एक इमारत नाही, दोन आहेत. डावी आधीची, उजवी नंतर तिला लागून बांधलेली. आणि ज्या कोरीव पाटीवरून आपण नोंदपत्रकात सबंध इमारतीचं वर्ष लिहिलं, ती पाटी उजव्या भागात आहे. पाटी त्या भिंतीत मुळापासून बसवलेली असेल, तर डावा भाग त्या वर्षाहून जुना ठरतो. पाटीच्या भोवतीची दरज मी अजून जवळून तपासलेली नाही, त्यामुळे नोंदपत्रकात वर्ष बदललं नाही, फक्त समोर प्रश्नचिन्ह टाकलं. जागा मात्र आजच दोन केल्या: ४१-अ आणि ४१-आ.

यातली निकडीची गोष्ट वेगळीच आहे. मधल्या भिंतीत मोठं दार पाडायचा घरमालकीणबाईंचा विचार चालू आहे. मला कालपर्यंत ती साधी आतली भिंत वाटत होती. आता कळतंय की ती आधीच्या इमारतीची बाहेरची भिंत आहे आणि डाव्या भागाच्या छपराचा भार तिच्यावर असायची दाट शक्यता आहे. सकाळी उजाडल्या उजाडल्या त्यांना फोन करून सांगितलं की संरचना अभियंत्याने पाहिल्याशिवाय तिथे छिन्नी लावू नका. त्यांनी मानलं. त्याच बोलण्यात, नवा गिलावा सिमेंटचा करू नका, चुन्याच्या भिंतीतली ओल आत कोंडते, हेही सांगून घेतलं.

माळ्यावरचं थोडक्यात. उजव्या भागाच्या कैच्यांवर, म्हणजे छपर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांवर, सुतारांनी छिन्नीने केलेल्या जुळणीच्या खुणा सापडल्या, पण दोन ठिकाणी जोड्या जुळत नाहीत, आणि एका तुळईला कशातच न बसणारी रिकामी खाच आहे. लाकूड दुसरीकडून आणून पुन्हा वापरलेलं दिसतं. फोटो काढले, पट्टी ठेवून.

पुढचा बेत ५२ नंबरच्या दर्शनी भागाचं फोटोंवरून मोजमाप करण्याचा होता. त्या पद्धतीवर माझा जीव आहे. १८५८ साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना वास्तुविशारद आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर पडता पडता वाचला, आणि त्यातूनच त्याला फोटोवरून मापं घेण्याची कल्पना सुचली. काल शिडीवर त्याचीच आठवण येत होती. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की त्याच आठवड्यात, त्याच यंत्राने, ३८, ३९ आणि ४३ मोजल्या होत्या. त्यांच्या बेरजा जुळल्या कारण तिथे बाहेरचं मापच घेतलं नव्हतं. जुळायला दुसरा आकडाच नव्हता. तेव्हा ५२ थांबेल. आधी या तीन इमारती पुन्हा, कर्णांसकट.

शिवाय आत्ताच एक सुचलं: एक मीटरची सागाची काठी कापून घ्यायची आणि प्रत्येक खोलीत शिरल्यावर लेझरने पहिलं माप तिचं घ्यायचं. वहीत पानाच्या डोक्यावर तो आकडा लिहायचा. एक मीटर आला तर पुढे जायचं, ०.८८२ आला तर तिथेच थांबायचं. शनिवारी सकाळी ३८ पासून सुरुवात. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी येणार असेल तर कळवा.