आमची वाटचाल : पांढऱ्या मुळीपासून धुक्याच्या पेटीपर्यंत

छाटणी झाल्यावर नाशिकचा द्राक्ष बागायतदार माती हलकेच उकरून पांढरी मुळी, म्हणजे पाणी आणि अन्न शोषणारी नवी कोवळी मुळी, चालली आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहतो. दिंडोरी तालुक्यातील आमच्या बागेत लहानपणापासून हेच पाहत आल्यामुळे, सातपूरच्या गाळ्यात पंपदुरुस्ती करता करता आम्ही मातीविना शेतीकडे वळलो तेव्हा पाणी आणि हवा मुळीला एकाच वेळी कशी द्यावी, हाच प्रश्न आमच्यापुढे होता.

मुळे हवेत ठेवून त्यांच्यावर फवारा मारण्याच्या पद्धतीला वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९५७ मध्ये एअरोपोनिक्स हे नाव दिले, आणि सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने याच पद्धतीने बियाण्याच्या बटाट्याचे छोटे कंद तयार करण्याचे तंत्र विकसित केले. आम्हीही उच्च दाबाच्या पंपापासूनच सुरुवात केली. परंतु नोझल वारंवार तुंबू लागल्याने अल्ट्रासोनिक फॉगर, म्हणजे कंपनांनी धुके तयार करणारी यंत्रे, आणले आणि मुळे ज्यात लोंबतात त्या बंद पेटीत ते धुके सोडले. त्याची चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा कंप पावते आणि पाण्यात विरघळवलेल्या खताच्या द्रावणाचे १० मायक्रॉनहूनही बारीक थेंब करते. पुदिन्याच्या फांद्यांना पेटीत फुटलेली मुळी बारीक रोमांनी इतकी दाट भरली की वडिलांनी ती बराच वेळ हातात धरून पाहिली.

त्या आनंदात आम्ही घाई केली आणि लेट्यूससाठी दोन मोठ्या पेट्या विकल्या. एप्रिलच्या उन्हात दोन्हींतील मुळे तपकिरी झाली. चकतीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन पाण्यातच राहतो, हे आम्ही हिशेबात धरलेच नव्हते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि अशा कोमट, ओल्या जागेत मूळकूज करणारा पिथियम हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव झपाट्याने पसरतो. दोन्ही ग्राहकांना आम्ही पूर्ण पैसे परत केले. त्यानंतर फॉगर मुळांच्या कप्प्याबाहेर स्वतंत्र टाकीत बसवला, पाणी गार ठेवण्याची सोय केली आणि पंख्याने धुके आत सोडले.

बोअरच्या जड पाण्याने चकतीवर पांढरा थर बसतो आणि धुके हळूहळू मंदावते, म्हणून आम्ही आरओचे पाणी वापरतो आणि चकती सौम्य सायट्रिक आम्लाने नियमित धुतो. वीज जाणे हा याहून मोठा धोका आहे, कारण कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ओल टिकते, तर हवेत लोंबणाऱ्या मुळीजवळ साठवण अशी काहीच नसते. बॅटरीशिवाय आम्ही आता एकही पेटी देत नाही.

टोमॅटोसारख्या मोठ्या पिकाला केवळ धुक्यावर वाढवावे, असे आम्ही कोणालाही सुचवत नाही. मुळांचे जाळे दाट झाले की धुके त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मे महिन्यात पानांतून उडणाऱ्या पाण्याची भरपाई त्यातून होत नाही. कोवळ्या फांदीला मुळी फोडण्याच्या कामात मात्र आमचा या पद्धतीवर पूर्ण विश्वास आहे, म्हणून आता आम्ही फक्त रोपवाटिकांसाठी छोट्या पेट्या बनवतो. त्यांत मुळी फुटेपर्यंत साधे पाणी आणि नंतर अर्ध्या ताकदीचे द्रावण देतो, त्याचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ दरम्यान राखतो, आणि मुळी बोटभर झाली की रोप कोकोपीटमध्ये हलवतो.