आत्याला गॅसवर ठेव

आमच्या घरात ‘आत्याला गॅसवर ठेव’ असं कुणी म्हणालं तर कुणीही दचकत नाही. आत्या म्हणजे दुधाचं पातेलं. चार लिटरचं, जाड बुडाचं, काठाखाली गोल फिरत गेलेली अक्षरं : ‘मौंजीबंधनाप्रीत्यर्थ आत्याकडून सप्रेम भेट’. मुंज माझ्या भावाची. तो आता साठीकडे झुकला आणि त्या मुंजीतलं बाकी काहीही त्याच्याकडे शिल्लक नाही, संध्याही नाही. दूध मात्र अजून आत्यातच तापतं.

मोठे काका म्हणजे साखरेचा डबा. (काकांना पुढे मधुमेह झाला, तो निव्वळ योगायोग.) बाबांच्या कचेरीतली मंडळी म्हणजे सहा ताटं, त्यातलं एक कुणीतरी कधीतरी नेलं ते नेलंच. आणि मामी म्हणजे उभट गंज, जिच्यावर झाकण कधी धड बसलं नाही. आईचं खऱ्या मामींबद्दलचं मतही साधारण तसंच होतं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “अगं, काकांना जरा खाली काढ, त्यांच्यात मुंग्या झाल्यात.” वहिनी बाहेरच्या खोलीत आली आणि पेपर वाचत बसलेल्या खऱ्याखुऱ्या काकांसमोर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. काकांनीच शेवटी विचारलं, “काय गं, चहा टाकतेस का?”

भांड्यावर नाव लिहीत नाहीत, घालतात. टोपी घालावी तसं. आजीच्या वेळच्या पितळी भांड्यांवर ते छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांनी घातलेलं असे. दिवाळीत रांगोळीचे ठिपके काढून ते जोडायचे राहून गेले तर कसं दिसेल, तशी ती अक्षरं. स्टीलच्या जमान्यात यंत्र आलं. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस मांडी घालून बसलेला असायचा, हातात जाड पेनासारखं काहीतरी, त्याची वायर भिंतीत गेलेली. भांडं मांडीवर घेऊन तो विचारायचा, “काय घालायचं?” आणि मग तो आवाज सुरू व्हायचा. दात शिवशिवायचे. मी कानांत बोटं घालून बघत राहायचे, कारण तो मजकुराच्या कागदाकडे एकदाच बघायचा आणि मग ओळ वाकडी न होता गोल फिरून बरोब्बर सुरुवातीपाशी येऊन थांबायची.

त्या पेनात एक विद्युतचुंबक असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सुई सेकंदाला शंभर वेळा आपटते, मिनिटाला ६००० ठोके. म्हणजे आत्याचं नावही टिंबाटिंबांचंच, फक्त टिंबं इतकी दाट की डोळ्यांना रेघ दिसते. स्टीलच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिपातळ थर असतो, त्यामुळे ते गंजत नाही. कोरताना तो थर फुटतो, पण हवा लागली की आपोआप पुन्हा धरतो. आमच्या एका नातलगांशी १९८२पासून बोलणं नाही. त्यांची सहा फुलपात्रं अजून चकचकीत आहेत, नावासकट.

घेतलं त्याच दुकानात घातलं तर नाव फुकट, बाहेरून भांडं नेलं तर अक्षरामागे पैसे. त्यामुळे मजकुरावरून देणाऱ्याचा हिशेबीपणा कळायचा. ‘यांजकडून सप्रेम भेट’ म्हणजे जागच्या जागी घातलेलं. नुसतं ‘स. भे.’ म्हणजे बोहारणीकडून आलेला डबा. बोहारीण दारात बसून तीन साड्या आणि दोन पँटींवर एक डबा द्यायला तयार व्हायची, आई तिला दोन साड्यांवर आणायची, आणि मग तो डबा दुसऱ्याच्या लग्नात जायचा. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटत नसे. घेणाऱ्याकडूनही तसलाच डबा यायचा.

हे सगळं टिपून ठेवायला आहेराची वही असे. लग्नात एका कोपऱ्यात घरातला सगळ्यात तिरसट पण विश्वासू पुरुष वही घेऊन बसायचा. ‘कुकर, ५ लि., अमुक’, ‘रोख ११’, ‘तांब्या व फुलपात्र’. नंतर ज्यांचं कार्य निघेल त्यांचं पान उघडून तेवढ्याच वजनाचा आहेर परत करायचा. पुढे १९८५ साली हुंडाबंदी कायद्याखाली नियमच आला, की वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी लेखी ठेवावी. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. आईला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग आम्ही काय वेगळं करत होतो?”

माझ्या लग्नापर्यंत भांडी मागे पडली होती. लेमन सेट आले, भिंतीवरची घड्याळं आली. नाव असायचं ते वरच्या चमकत्या कागदाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, आणि कागद फाडताना चिठ्ठी जायची. माझ्याकडे तीन घड्याळं आहेत. कुणी दिली ते मरेपर्यंत कळणार नाही, आणि त्यातली दोन बंद आहेत. हल्ली पत्रिकेवरच ‘कृपया आहेर आणू नये’ असतं. सोयीचं आहे, मी स्वतः मुलाच्या लग्नात छापलं होतं. पण त्याच्या घरात कुठल्याच पातेल्याला नाव नाही. ‘ते मोठं दे’, ‘ते नाही, त्याच्या मागचं’ असं चालतं.

नाव असण्याचा खरा उपयोग आमच्या घरात एकदाच झाला. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा आजी-आजोबा नारायण पेठेत तळमजल्यावर राहत होते. माणसं वर पळाली म्हणून वाचली. खाली जे होतं ते मुठेने नेलं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून गुडघाभर चिखल आणि त्यात कुणाची कपबशी, कुणाच्या देवातला बाळकृष्ण. आजीची पितळी परात महिन्याभराने परत आली. तीन गल्ल्या पलीकडच्या एका बाईंनी चिखलातून काढली, चिंचेने घासली, तेव्हा टिंबं दिसली. नाव विचारत विचारत त्या परात डोक्यावर धरून आल्या. आजीने त्यांना त्याच परातीत पीठ घालून ओटी भरली, असं सांगायची. परात परत दिली की नाही, ते मात्र दर वेळी वेगळं सांगायची. परात आमच्याकडे आहे, म्हणजे नसावी दिली.

आता वाडा बिल्डरकडे गेला आहे. आईला दोन वर्षांसाठी माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली. स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि चार ट्रॉल्या. वाड्यात मांडणी होती, फडताळ होतं, वर माळा होता. तिथे मावलेले पन्नास-पंचावन्न वर्षांचे नातेवाईक चार ट्रॉल्यांत बसेनात. मी आईला म्हटलं, निम्मे काढू. ती म्हणाली, “कोणते निम्मे, ते तू सांग.” इथे मी फसले.

कारण पातेलं जुनं झालं, तळ फुगला, असं मी म्हणायचे आणि ती उत्तर भलतंच द्यायची. “तुला कांजिण्या झाल्या तेव्हा रात्रभर बसली होती ती.” कोण? पातेलं? दुसऱ्या एका धडधाकट, एकही पोचा नसलेल्या कढईबद्दल म्हणाली, “जाऊ दे तिला. बारशाला आली होती आणि मुलगीच झाली का म्हणाली.” ती मुलगी म्हणजे मी, म्हणून त्या कढईच्या बाबतीत मी वाद घातला नाही.

तीन पोती भरून मी मोडीच्या दुकानात नेली. आई हट्टाने रिक्षात बसून आली. पितळेला भाव बरा होता, स्टीलला मात्र ऐकून वाईट वाटावं असा. त्यातही दुकानदार प्रत्येक भांड्याला एक चुंबक लावून बघत होता आणि दोन ढीग करत होता. मला वाटलं, चुंबक चिकटला म्हणजे चांगलं. उलट निघालं. चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा धरत नाही. निकेल महाग, म्हणून हलक्या मालात ते घालत नाहीत, आणि तिथे चुंबक टपकन बसतो. दुकानदार हे सांगत असताना त्याने मामीला चुंबक लावला. टपकन.

आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी मांडलेला मुद्दा कोर्टात सिद्ध झाल्यावर वकील बघेल तसं. मग पिशवीतून तिने आत्याला बाहेर काढलं. (आत्या विकायला आणलीच नव्हती, मला माहीत नसताना तिने पिशवीत घातली होती.) “हिला लावून बघा.” चुंबक घसरला. आत्या परत पिशवीत गेली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. रस्ताभर आई प्रसन्न होती.

तिथे एक डबाही होता, पितळी, बसका, कडीचा. मी लहान असल्यापासून त्यात खोबऱ्याच्या वाट्या असायच्या. त्याच्यावर टिंबांत एका मुलीचं नाव होतं, पुढे आडनाव, दोन्ही आमच्या घरात कुणाचं नाही. शेजारणीचा डबा आईने परत केला नसावा अशी माझी लहानपणापासून समजूत, आणि त्याची मला थोडी लाजही वाटायची. एकदा विचारलं होतं तर म्हणाली होती, “आहे एकीचा.” पोत्यात घालताना पुन्हा विचारलं, की निदान आता तरी ज्याचा त्याला देऊन टाकू.

“माझाच आहे,” ती म्हणाली. “रुखवतातला.”

लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, १९६८ साली, आणि त्या दुपारपासून सगळे तिला त्या नावाने हाक मारायला लागले. आजोळची माणसंही, कारण जावयासमोर जुन्या नावाने हाक मारणं बरं दिसत नसे. आडनाव बदललं हे मला माहीत होतंच. पहिलं नावही वेगळं होतं हे कधीतरी कानावर आलं होतं, पण काय, ते मी विचारलं नव्हतं. छपन्न वर्षं वापरलेल्या डब्यावर ते होतं आणि मी रोज वाचत होते. ते मी इथे लिहीत नाही, तिला विचारलं, ती म्हणाली, “कशाला? डब्यावर आहे की.” डबा विकला नाही, हे सांगायला नको. मी एकदा गंमत म्हणून तिला त्या नावाने हाक मारून पाहिली. तिने वळून पाहिलं नाही. खरंच ऐकू आलं नसेल, एका कानाने कमी येतं तिला.

मोडीत न गेलेल्यांत कचेरीतली पाच ताटं आणि एक डब्यांची उतरंड उरली होती. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आई म्हणाली, त्यांना देऊ. मावशींनी ताटं उलटीपालटी करून पाहिली आणि खाली ठेवली. “आजी, नाव हाय ह्याच्यावर. पोरीच्या सासरी म्हणतील, दुसऱ्याचं उचलून दिलं.” मी ओशाळले. आई मुळीच नाही. ती म्हणाली, “खरं आहे गं. मलाही नसतं चाललं.” आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी नवा सेट घ्यायला गेलो.

दुकान नवं, काचेचं. कोपऱ्यात मांडी घातलेला माणूस नव्हता. कानात इअरफोन घातलेला एक पोरगा होता, यंत्र मात्र तेच. आई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

“काय टाकायचं, आजी? मुलाचं नाव पुढे की मुलीचं?”

मावशी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “मुलीचं. एकटीचं. आडनाव घालू नकोस.”

“आडनाव कोणतं पण बसेल, जागा आहे.”

“जागा असू दे.”

मावशींनी मान डोलावली. पोरगा कामाला लागला, आवाज सुरू झाला, माझे दात शिवशिवले. पहिला डबा झाला. आईने तो हातात घेतला, चष्मा वर सरकवून जवळ धरला आणि तिचा चेहरा बदलला. मुलीच्या नावात पहिली वेलांटी हवी तिथे त्याने दुसरी दिली होती.

“हे खोड.”

“आजी, स्टील आहे. खोडता येत नाही.”

“मग नवा डबा घे.”

दुकानाचा मालक उठून आला. मावशी म्हणाल्या, आजी, राहू द्या, आमच्यात कोण वाचतंय वेलांट्या. पोरगा म्हणाला, डाळीला काय कळणार. आई हटेना. मालकाने शेवटी त्या डब्यावर पहिली वेलांटीही काढून द्यायचं कबूल केलं. पोराने काढली. आता त्या अक्षराला दोन्ही बाजूंनी वेलांट्या आहेत, कानांत दोन डूल घातल्यासारख्या. बाकीचे चार डबे आईने मजकूर आपल्या हाताने कागदावर लिहून देऊन, त्याच्या खांद्यावरून बघत करून घेतले.

मुलीला तोच पहिला डबा आवडला म्हणे. त्यात ती तूरडाळ ठेवते.