सरांचा मीटर मी जाळला होता

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, असा फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो, पाय दाराबाहेर. गॅदरिंग, सहल, प्रार्थना यांवर बाकीच्यांनी लिहिलं असेलच. मला एक कबुली द्यायची आहे. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत १९९३ साली एका काट्याच्या मल्टीमीटरपुढे (व्होल्ट, ॲम्पिअर, ओहम मोजायचं यंत्र) 'जुना झाल्याने निकामी' असा शेरा आहे. तो जुना झाला नव्हता. तो मी जाळला.

आमच्या विज्ञानाच्या सरांकडे तो एकच मीटर. फळा पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. त्या दिवशी समांतर जोडणीचा प्रयोग होता. मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून सर पाच मिनिटं बाहेर गेले आणि माझ्या अंगात शहाणपण आलं. सेल जोडलेले तसेच ठेवून मी मीटरचा खटका ओहमवर फिरवला आणि दोन्ही टोकं टेकवली. काटा फाडकन दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला, आणि तिथेच राहिला. वर करपल्याचा वास.

सर आले ते वास घेतच. "सेल काढले होतेस?"

"नाही सर."

"अरे, ओहम मोजताना मीटर स्वतःचा सेल वापरतो. तू बाहेरून आणखी वीज घातलीस. त्यानं मोजायचं काय?" मार बसला नाही. एवढंच म्हणाले, "आता मीटर नाही. कागदावर काढ."

दोन रोध, दहा-दहा ओहमचे. मी एक छेद दहा अधिक एक छेद दहा करून ०.२ वर थांबलो. "आणि उलटं कोण करणार, मी?" मग त्यांनी फळ्यावर सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल काढला. शेजारी दुसरा तेवढाच पूल. "सांगलीवाडीकडं जायला दोन वाटा झाल्या, तर खोळंबा वाढंल का निम्मा होईल?" पुढे आयर्विनला समांतर पूल हा विषय इतकी वर्षं पेपरात येत राहिला की दर बातमीला मला तो फळा दिसायचा.

मग आयटीआय, मग एका मिस्त्रींच्या हाताखाली सात वर्षं. तेव्हा टेस्ट लॅम्प हेच आमचं हत्यार. बल्बला दोन वायरी, एक बॉडीला, दुसरी टोचायची. बल्ब पेटला तर वीज आहे. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळं त्यावर निघायचं.

नंतर गाड्या बदलल्या. आता गाडीत एकच डोकं (छोटा कॉम्प्युटर) नसतं. इंजिनाचं वेगळं, ब्रेकचं वेगळं, स्टिअरिंगचं, एअरबॅगचं, समोरच्या मीटरचं वेगळं. ही सगळी पीळ दिलेल्या दोन वायरींवर आपसांत बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात, वायरींची नावं कॅन हाय आणि कॅन लो. बॉश कंपनीनं ही पद्धत १९८६ साली जगापुढे आणली. कुणी बोलत नसेल तर दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. कुणी बोललं की एक साडेतीनवर जाते, दुसरी दीडवर येते, आणि ऐकणारे फक्त दोन्हींतला फरक बघतात. बाहेरचा खरखराट दोन्हींवर सारखाच पडतो, फरक तेवढाच राहतो. पीळ त्यासाठी. तो सोडून सरळ वायर जोडणारे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी इथे नको. टेस्ट लॅम्प तर या वायरींना लावूच नये.

या जोडीच्या दोन्ही टोकांना एकशे वीस ओहमचा एकेक रोध असतो. विहिरीत हाक मारली की परत येते ना, तसा संदेश टोकाला आपटून परत येऊ नये म्हणून. म्हणजे १२० आणि १२० समांतर. उलटं करायला विसरला नाहीत तर उत्तर ६०. तीस वर्षांपूर्वी चुकवलेल्या त्या गणितावर माझं घर चालतं.

२०१९ चा पूर सांगलीकराला सांगायला नको. आयर्विनजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या पुढे गेलं. त्याच डिसेंबरात एक गृहस्थ गाडी घेऊन आले. "मिस्त्री, दोन ठिकाणी दाखवून आलोय. एबीएसचं मॉड्यूल नवं टाकलं, तरी तेच." एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. स्पीडब्रेकरवरून गेलं की एबीएसचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा लागायचा, वेगाचा काटा शून्यावर यायचा. थोड्या वेळानं सगळं जागेवर.

स्कॅनरवर इंजिनात यू ०१२१, स्टिअरिंगमध्ये यू ०१२१, समोरच्या मीटरमध्येही तोच. अर्थ एवढाच, की एबीएसशी बोलणं तुटलं. हा कोड वाचून लोक एबीएस बदलतात. पण वर्गात गैरहजर मुलगा स्वतः सांगत नाही, शेजारचे सांगतात, "सर, तो आला नाही." तो आजारी आहे, का वाटेतला ओढा भरलाय, हे शेजाऱ्यांना कुठलं ठाऊक? चाकांचा वेग एबीएस सगळ्यांना सांगतं. ते गप्प झालं की काटा पडणार आणि स्टिअरिंग तक्रार करणारच. म्हणजे दिवे दोन, काटा एक, पण दुखणं एकच.

मी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. तळाशी गाळाची पुसट रेघ. "पुरातली गाडी दिसते." त्यांचा चेहरा उतरला. ऑक्टोबरात जुनी गाडी म्हणून घेतलेली, पॉलिश बघून.

एबीएसची वीज आणि अर्थिंग तपासलं, ठीक होतं. मग बॅटरीची वायर काढली. माझ्या हाताखालचं पोरगं म्हणालं, "दादा, ओहमच तर मोजायचेत, बॅटरी कशाला काढताय?" त्याला मीटरची गोष्ट सांगितली. थोडा वेळ थांबून निदानाच्या सोळा पिनांच्या सॉकेटात सहा आणि चौदा नंबरवर मीटर लावला. साठ. अगदी बरोबर साठ! इथेच पुष्कळजण फसतात. मी पोराला सांगितलं, वायरिंगचा पट्टा इंजिनापासून आतपर्यंत हलवत ये. ड्रायव्हरच्या पायाशी, गालिच्यापाशी त्याचा हात गेला आणि आकडा १२० झाला. सोडला की साठ. परत १२०.

"दादा, मीटर बिघडला."

मीटर नव्हता बिघडला. त्या गाडीत एक रोध इंजिनाच्या ईसीयूत, म्हणजे त्याच्या डोक्यात, आणि दुसरा एबीएसमध्ये होता. १२० दिसतोय म्हणजे एबीएसचं टोक तुटलंय, दोनांतला एक पूल बंद. गालिचा उचलला. खाली ओल अजून होती, आणि एका कनेक्टरमधली पिन हिरवीगार. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसा हिरवा. पिन बदलली, वायरीचा पीळ कनेक्टरपर्यंत तसाच ठेवला, शेजारचे कनेक्टर उघडून वाळवले. मग पट्टा कितीही हलवला तरी आकडा साठच. काढलेलं जुनं एबीएस मॉड्यूल डिकीत कागदात गुंडाळून पडलं होतं. ते चांगलंच असणार. त्याचे पैसे कुणाकडून मागावेत हे त्यांनी मला विचारलं, मी काय सांगणार!

सर आता नाहीत. नोंदवहीतला तो शेरा त्यांच्याच अक्षरात आहे, हे मला गेल्या वर्षी शाळेत गेलो तेव्हा कळलं.

या महोत्सवानिमित्त प्रयोगशाळेला पाच डिजिटल मल्टीमीटर दिले आहेत, लिपिकांकडे पावती आहे. १२० ओहमचे रोधही आहेत, दोन-दोनच्या जोड्या करून ठेवल्यात. मुलं प्रोब ॲम्पिअरच्या भोकात ठेवून व्होल्ट मोजायला जातील आणि फ्यूज उडवतील, म्हणून जादा फ्यूजचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. संपले तर शंभर फुटी रस्त्यावर निरोप धाडा.