रिकामा कॅच ब्लॉक

परवा रात्री एक रिपोर्ट चुकतोय म्हणून शोधत बसलो होतो, आकडे कमी येत होते पण एरर कुठेच नाही, लॉग एकदम स्वच्छ. तीन तास घालवल्यावर सापडलं काय, तर एक रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे कोडमध्ये चूक झाली तर काय करायचं ते लिहायची जागा. एक्सेप्शन (चालू प्रोग्राममधली चूक) येतंय, पकडलं जातंय आणि आत काहीच नाही, नुसते दोन महिरपी कंस. रेकॉर्ड सेव्ह झालं नाही तरी प्रोग्राम आपला खुशाल पुढे. कुठल्या महाभागाने लिहिलंय म्हणून गिट ब्लेम (कोडची कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं तर माझंच नाव! दोन वर्षांपूर्वीचं, कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबत लिहिलेली टीप, 'टेम्पररी फिक्स'. (शिव्या तोपर्यंत देऊन झाल्या होत्या.)

दुसऱ्या दिवशी डेमो होता, स्क्रीनवर लाल काही दिसू नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं. टेस्ट हिरव्या होत्या, रिव्ह्यूवाल्यानेही सोडून दिलं.

अशा वेळी मला थेरॅक-२५ आठवतं. कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन, १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना भयंकर जास्त डोस गेला, त्यातले काही दगावले. ऑपरेटरने भराभर टाइप करून मोड बदलला की सॉफ्टवेअर गोंधळायचं, रेस कंडिशन, म्हणजे कामं कुठल्या क्रमाने होतात त्यावर निकाल बिघडणं. पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. स्क्रीनवर यायचं फक्त 'मालफंक्शन ५४', मॅन्युअलमध्ये त्याचा धड खुलासा नाही, आणि 'पी' दाबलं की मशीन पुढे चालू. असले मेसेज सारखेच यायचे, मग माणूस पी दाबणारच ना. बरं, तोच बग आधीच्या थेरॅक-२० मध्येही होता, पण तिथे हार्डवेअरचं इंटरलॉक (धोका दिसला की मशीन थांबवणारी यंत्रणा) असल्यामुळे फ्यूज उडायचा आणि पेशंट वाचायचा, २५ मध्ये ते इंटरलॉकच काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकलेला.

माझ्या रिपोर्टने कोणी मरत नाही, मान्य. पण त्या मशीनने निदान ५४ तरी दाखवलं, माझ्या कोडमध्ये मेसेजही नाही आणि पी पण मीच आधी दाबून ठेवलेलं. कोडच्या ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस यावर मी तासन्‌तास भांडलोय हो, आणि हे असं.

मग अख्ख्या प्रोजेक्टमध्ये शोधलं, असे रिकामे कॅच ब्लॉक ३१ निघाले, त्यातले ९ माझे. चार ठिकाणी लॉगिंग (चुकीची नोंद) टाकून डिप्लॉय केलं, म्हणजे बदल चालू सिस्टीमवर टाकला, आणि झोपलो. सकाळी लॉग एररने तुडुंब, आणि मॅनेजरचा मेसेज, 'कालपर्यंत तर नीट चालत होतं, तू काय बदललंस?'