तुम्ही विचारलंत म्हणून: हो, अजूनही ऐकतो

हो, ऐकतो 'सायन्स फ्रायडे', तो अमेरिकेतला विज्ञानाचा रेडिओ कार्यक्रम. अजूनही. शुक्रवारी रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. म्हणजे खरं तर शनिवारीच. अमेरिकेत नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे घेतात आणि मार्चमध्ये पुन्हा पुढे करतात. आपलं घड्याळ जागचं हलत नाही, म्हणून माझी झोप हलते. तिकडे न्यूयॉर्कला दुपारचे दोन वाजलेले असतात. इकडे नागपुरात, प्रतापनगरात कूलरची घरघर, एका कानात इअरफोन, दुसरा कान घराकडे.

लग्नात, तेरवीत, पोह्याच्या ठेल्यावर तुम्ही विचारता, "काहून बे, अजून ऐकते काय ते?" त्या 'ते'वरचा जोर मला कळतो. 'सायन्स फ्रायडे' हे नाव कोणी घेत नाही. एखाद्याच्या दारूबद्दल बोलावं तसं बोलता.

आधी सोपं उत्तर. तिथे माणसं बोलतात, म्हणून ऐकतो. आयरा फ्लेटो १९९१ पासून हा कार्यक्रम करताहेत. शास्त्रज्ञ बोलत असतो, मधेच कोणी श्रोता फोनवर येतो, आणि त्याच्या बाळबोध प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. व्हिडिओत चित्रं इतकी नाचतात की अडलेला माणूस दिसतच नाही. रेडिओवर अडखळणं ऐकू येतं. यात लाजण्यासारखं काय आहे?

आणि ही सवय लावली ती दादानेच. घरी एकच सेट, मीडियम वेव्हवर ५८५ ला आपलं नागपूर. पावसाळ्यात वीज चमकली की सेट खर्र करायचा. दादा म्हणायचा, ही वीजच ऐकून राहिलो आपण, कडाडायच्या आधी. बरोबरच होतं ते. विजेतून रेडिओलहरी निघतात आणि त्या उजेडाइतक्याच वेगाने येतात. गडगडाट बिचारा मागून येतो, किलोमीटरला तीन सेकंद घेत. आम्ही दोघं खर्रपासून आकडे मोजायचो आणि वीज हिंगण्याकडे पडली की बुटीबोरीकडे, यावर भांडायचो.

आता तुम्हाला हवं ते.

२०१८ चा सप्टेंबर, गणपती बसलेले. ॲस्पिरिनची, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात त्या गोळीची, बातमी त्या आठवड्यात सगळीकडे होती, घरचे नाव घेतात ते मात्र माझ्या शुक्रवारचं. घेऊ द्या. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या सुमारे १९,००० वयस्कर लोकांवर अभ्यास झाला होता. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन त्यांची धडधाकट वर्षं काही वाढली नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला.

शनिवारी सकाळी दादाकडे गेलो. वहिनींनी तर्रीपोहे केले होते. दादाने तर्रीची वाटी सरकवून दिली. "ॲसिडिटी लय होऊन राहिली." स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नसेतली जाळी, बसल्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हापासून गोळ्यांचा डबा, त्यात ॲस्पिरिन. मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "दादा, ही गोळी म्हाताऱ्यांच्या काही कामाची नाही. उलट पोटात रक्त सुटतं. आता सिद्ध झालंय." 'सिद्ध' म्हणालो मी. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता.

"मंग मी कायले खाऊन राहिलो ही?" दादा म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांना विचारून घ्या एकदा." मी म्हटलं, विचारतो. विचारलं नाही.

तो अभ्यास हृदयविकार नसलेल्या लोकांवरचा होता. बहुतेक सत्तरीपुढचे, पण कधी झटका न आलेले, नसेत जाळी नसलेले. दादा चौसष्ट वर्षांचा, आणि जाळीवाला. बातमीत हे सांगितलेलं होतं. मी पेंगत होतो, असं पुष्कळ दिवस सांगत आलो. पेंगत नव्हतो. ते वाक्य ऐकलं होतं, पण त्यात दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखी मजा नव्हती, म्हणून ठेवलं नाही.

भाऊबीजेची रात्र, ९ नोव्हेंबर. तिकडचं घड्याळ बदलल्यानंतरचा पहिलाच शुक्रवार. साडेबाराला कार्यक्रम लागला आणि दहा मिनिटांत कानातला आवाज तुटून रिंग वाजायला लागली. पुतण्या होता. उरलेली रात्र धंतोलीत, आयसीयूच्या बाहेर. पहाटे डॉक्टरांनी घरच्या गोळ्या आणायला लावल्या. पुतण्याने डबा उपडा केला. ॲस्पिरिनच्या पट्ट्या तशाच्या तशा, एकही गोळी फोडलेली नाही.

"ही कोणी बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी दाराशी उभा होतो. दादाच्या नाकात नळी. "मीच," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनींनी पाहिलं.

दादाचा खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, सुटलेला नव्हता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शुगरही होती. एका गोळीपायी झालं असं डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे म्हणाले नाहीत. हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्यातला खरा भाग कुठला आणि घोकलेला कुठला, ते आता वेगळं करता येत नाही. २०१९ मध्ये घरच्या ग्रुपवर मी लांबलचक लिहिलं होतं की विज्ञान आपलं मत बदलत असतं, दोष बातमी देणाऱ्यांचा. आज ते वाचलं की कान तापतात. विज्ञानाने काही बदललं नव्हतं. स्टेंटवाल्याने ॲस्पिरिन आपल्या मनाने सोडू नये, हे त्या अभ्यासाआधीही होतं आणि नंतरही तसंच राहिलं.

पण मग ऐकणं सोडायचं का? सोडून पाहिलं, जवळजवळ वर्षभर. शनिवारी दादाकडे जायचो आणि दोघं बंद टीव्हीकडे पाहत बसायचो. शेवटी तोच म्हणाला, "काय म्हणते तुझा रेडिओ?" त्याने विचारलं म्हणून पुन्हा लावला, असं मी सांगतो. त्याच्या आधीचे दोन शुक्रवार मी चोरून ऐकले होते, हे सांगत नाही.

आता उशाशी वही असते. अभ्यास कोणावर, किती जणांवर, हे आधी लिहितो. आणि हृदयाचं काही असलं की ते दादासमोर काढायचं नाही, असा नियम. मागच्या शनिवारी म्हणून ऑक्टोपस निवडला. रंग कसा बदलतो, बरणीचं झाकण कसं उघडतो, आणि सांगण्याच्या ओघात निघूनच गेलं की त्याला तीन हृदयं असतात.

दादाचा घास हातात राहिला. "तीन? मंग त्याले जाळ्या किती लागत असतीन बे?"

स्वयंपाकघरात वहिनींनी मिक्सर सुरू केला.