क्विंटलमागे सत्तर किलो : आमच्या दालमिलची वाटचाल

पहिल्या हंगामात जो तो एकच विचारायचा. "काऊन वो बाई, क्विंटलभर तूर देल्ली अन् डाळ सत्तरच किलो? बाकीची कुठी गेली?"

त्यावर माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे ताईंनी, तोंडाने उत्तर देणं बंद केलं. मिलच्या दारातच वजनकाटा मांडला. ज्याची तूर त्याच्या समोर डाळ, चुनी (डाळेचा चुरा, ढोरांचं खाद्य) आणि टरफल वेगवेगळं मोजायचं. डाळ ७० ते ७२ किलो भरते, उरलेल्यात चुनी, टरफल, थोडी माती-खडे आणि वाळताना उडालेलं पाणी. उडालेलं पाणी काही काट्यावर ठेवता येत नाही. त्या दोन-तीन किलोंचा हिशेब काही जणांना आजही पटलेला नाही. पण तीच माणसं दर वर्षी तूर घेऊन येतात, म्हणजे आतून पटलं असावं.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा (लाड) तालुक्यात. सोयाबीनमध्ये नाहीतर कपाशीत तुरीचं तास, म्हणजे ओळ, धरायचं, ही इकडची रीत. डिसेंबर-जानेवारीत तूर निघते, पोत्यात भरून बाजार समितीत जाते, तिथून अकोल्याच्या मोठ्या मिलमध्ये. आणि मृग लागायच्या आधी आम्हीच किराणा दुकानातून डाळ आणतो, चकचकीत, तेल-पाणी मारलेली. आमच्या सासूबाई पूर्वी घरच्या तुरीची डाळ जात्यावर भरडायच्या. जातं गेलं, वाळवणाची कामं करणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या आणि आपल्या वावरातली डाळ खाणं गावातून कधी गेलं ते कळलंच नाही.

२०१२ मध्ये आम्ही दोघी जावांनी मिनी दालमिल घेतली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने बनवलेल्या नमुन्याची, इकडे सगळे 'पीकेव्ही मिल' म्हणतात ती. कृषी प्रदर्शनात पाहिली तेव्हा ताईंनी मशीनपेक्षा मोटार किती हॉर्सपॉवरची हे आधी विचारलं. पैसे बचत गटाचं कर्ज आणि ताईंची सोन्याची पोत यातून उभे राहिले. नवऱ्यांचा विरोध नव्हता, विश्वासही नव्हता. मामंजींनी गोठ्याशेजारची टिनाची खोली दिली आणि म्हणाले, "चालली त चालली, नाही त कुटार भरू." कुटार म्हणजे ढोरांसाठीचा भुसा.

माझं बी.कॉम. झालेलं, म्हणून वही माझ्याकडे. मशीन, मजूर आणि गिऱ्हाईक ताईंकडे. ही वाटणी आजही तशीच आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका तोंडातून तूर टाकली की दुसऱ्या तोंडातून डाळ. मशीनचं काम खरं तर शेवटचं. आधी तूर चाळायची, लहान-मोठा दाणा वेगळा करायचा. मग रोलवरून एकदा काढून सालीला ओरखडे पाडायचे. मग तेल चोळून रात्रभर ढीग करून ठेवायची म्हणजे ते सालीखाली मुरतं. दुसऱ्या दिवसापासून ऊन. नंतर पाणी शिंपडून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन. तेव्हा कुठे साल सुटते आणि दाणा दोन फाकांत फुटतो. घाई केली तर साल चिकटून राहते, जास्त वाळली तर डाळेचा तुकडा पडतो. तूर आली की डाळ हातात पडेपर्यंत चार-पाच दिवस जातात, तेही ऊन असेल तर. जानेवारी-फेब्रुवारीत आभाळ आलं की आमच्या अंगणात जी पळापळ होते ती पाहण्यासारखी. ताडपत्र्या ओढायला घरातली पोरं, पाहुणे, तूर घेऊन आलेले कास्तकार, सगळे लागतात. एकदा तर चहाला थांबलेला एसटीचा कंडक्टर लागला होता.

नेमका हाच काळ कापूस वेचणीचा, नंतर हरभरा सोंगणीचा. वेचणीला किलोवर मजुरी मिळते, हात चालणारी बाई दिवसाला आमच्या रोजापेक्षा जास्त कमावते. ती आमच्याकडे काऊन येईल? म्हणून आम्ही वेळ बदलली. सकाळी पसरवायला एक तास, संध्याकाळी गोळा करायला एक तास, आणि त्याचे वेगळे पैसे. मधल्या वेळेत बाया वेचणीला मोकळ्या. हे आम्हाला कोणत्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, एका मजूर बाईनेच सुचवलं.

विजेचं रडगाणं जास्त गात नाही, सगळ्यांचं सारखंच आहे. रब्बीला पाणी द्यायचे पंप आणि आमची मिल एकाच महिन्यात जोरात असतात. व्होल्टेज पडतं, मोटार गरम होते. दुसऱ्या वर्षी जळलीच. रिवाइंडिंगला कारंज्याला नेली, चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत ओली तूर आंबू नये म्हणून आम्ही दोघींनी रात्री पंखे लावून ती उलटली-पालटली. तेव्हापासून एक मोटार जास्तीची ठेवतो.

आता बाजाराचं. धंद्यात पडेपर्यंत मला वाटायचं की तुरीला भाव चांगला म्हणजे आमचा धंदा चांगला. आहे नेमकं उलटं. आमचं मुख्य काम मजुरीचं, म्हणजे कास्तकाराची तूर, त्यालाच डाळ करून द्यायची, क्विंटलमागे मजुरी घ्यायची. २०१५ मध्ये शहरात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. त्या हंगामात गावात एक दाणा कोणी मागे ठेवला नाही, सगळी तूर बाजारात. आमची मिल अर्धा दिवस बंद. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस चांगला झाला आणि पीक इतकं आलं की ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला, खाली व्यापारी त्याहून कमीने मागू लागले. नोटबंदी नुकतीच होऊन गेलेली. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून काटा बंद, तुरीच्या गाड्यांची रांग हलेना. त्या २०१७ च्या हंगामात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. "विकून काय भेटते? डाळ तरी करून द्या, लेकीबाळीकडे पाठवतो," म्हणत माणसं यायची. पहिल्यांदा ताईंची पोत सोडवली ती त्या वर्षी. आनंद झालाच, पण शेजाऱ्याच्या तुरीला भाव नाही म्हणून आपल्या घरात पैसा आला, हे गिळायला जरा जड गेलं. २०२४ मध्ये तूर क्विंटलला १०,००० च्या वर होती, तेव्हा पुन्हा अंगण मोकळं.

अशा धंद्याला दोन पाय हवेत म्हणून आम्ही स्वतःची तूर घेऊन डाळ विकायचं ठरवलं. आणि इथे आपटलो.

२०१९ च्या हंगामात १०० क्विंटल तूर घेतली, ५ लाखांच्या वर पैसा एका महिन्यात गेला. तूर वर्षातून एकदाच येते, ती तेव्हाच घ्यावी लागते आणि विकली जाते वर्षभर थोडी थोडी. मोठ्या मिलला ब्रह्मदेशाची नाहीतर आफ्रिकेची तूरही चालते, बँकेकडून कर्जाची मोठी मर्यादा असते. आमच्याकडे जानेवारी हुकली की वर्ष हुकलं. अशात एका मोठ्या शहरातल्या दुकानांच्या साखळीने बिनपॉलिशची डाळ मागितली. गावरान, देशी, त्यांना हवे ते सगळे शब्द आम्ही पिशवीवर छापले. ३५ क्विंटल माल गेला. पैसे ९० दिवसांत देऊ म्हणाले. नव्वदाचे दोनशे चाळीस झाले. आले तेही वाहतूक, तूट, किडका माल असं काय काय कापून. अडीच लाखांच्या वर रक्कम अडकलेली आणि इकडे बचत गटाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. गटातल्या बायांसमोर मान खाली घालून बसणं काय असतं ते त्या आठ महिन्यांत कळलं.

लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असा कायदा २००६ पासून आहे. मला तो वर्ष बुडाल्यावर कळला, कारंज्याच्या एका सीएकडून. तक्रार करायची तर उद्योगाची नोंदणी हवी, आणि तीही व्यवहाराच्या आधीची. आमच्याकडे होता ग्रामपंचायतीचा दाखला आणि अन्न परवान्याची नोंदणी. उद्योगाची नोंदणी फुकट होते, घरबसल्या होते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मी बी.कॉम. असून विचारलं नव्हतं, हे जास्त लागलं.

आता आमची ती नोंदणी आहे, 'उद्यम' म्हणतात ती. २०२४ पासून आयकरातही नियम आला की लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. चांगला नियम. पण गेल्या वर्षी एका खरेदीदाराने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही उद्यममध्ये नोंदलेले आहात का?" हो म्हटल्यावर त्याचा पुन्हा फोन आला नाही. आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा 'सूक्ष्म' गणला जातो. आमची टिनाची खोली आणि १० कोटींचा कारखाना एकाच रांगेत उभे. रांगेत पुढे कोण राहील ते सांगायला नको.

कर्जाचंही तसंच. विनातारण कर्जाची सरकारी हमी योजना आहे म्हणतात, पण आम्ही गेलो तेव्हा बँकेच्या साहेबांनी सातबारा मागितला. सातबारा मामंजींच्या नावावर. मिल गावठाणात, तिचा फक्त नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा. शेवटी २०२२ मध्ये सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतून काम झालं. ३५ टक्के अनुदान, १० लाखांपर्यंत. आम्ही एवढं मोठं काही घेतलं नाही, खडे काढायचं मशीन, मोठी चाळणी आणि पिशव्या बंद करायचं यंत्र. अनुदान मिळतं हे खरं, पण ते कर्जखात्यात जमा होतं, हातात येत नाही. ज्यांना वाटतं अनुदानातून धंदा उभा राहतो त्यांनी हे आधी समजून घ्यावं. आमच्या वाट्याचे १० टक्के आधी आम्हालाच घालावे लागले.

दुसरा पाय मिळाला तो अगदीच न ठरवता. गावातली निम्मी पोरं पुण्याला. दिवाळीला आली की परत जाताना आया त्यांच्या सामानात डाळेचा कट्टा, म्हणजे लहान पोतं, टाकतात. टाळेबंदीनंतर हे वाढलं. एकाच्या खोलीत डाळ शिजली की शेजारचा विचारतो. आता व्हॉट्सअ‍ॅपवर नाव आणि किलो लिहून येतात, पैसे आधी, आणि कट्टे रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जातात. बिनपॉलिशची डाळ दिसायला मळकट, पण लवकर शिजते आणि वरणाला दाटपणा येतो. कीड लवकर लागते ही तिची खोड. म्हणून सोबत चिठ्ठी टाकतो : दोन ऊन्हं द्या, हाताला एरंडेल लावून डाळ चोळा, मग भरा. एका मुलीने पुण्याहून विचारलं होतं, "काकू, फ्लॅटमध्ये ऊन कुठून आणू?" तिची डाळ तेव्हापासून आम्हीच वाळवून, एरंडेल लावून पाठवतो, किलोमागे पाच रुपये जास्त घेऊन. पुढे तशीच मागणाऱ्यांची यादी मूळ यादीपेक्षा लांब झाली.

मजुरीच्या कामातही एक बदल केला. चुनी आम्हाला ठेवली तर दर कमी, घरी नेली तर दर जास्त. ज्याच्या गोठ्यात दुभती म्हैस तो चुनी नेतो, बाकीचे सोडून जातात. ती आम्ही दूधवाल्यांना रोखीने विकतो. हंगाम संपल्यावर विजेचं बिल बरेच महिने चुनीवर निघतं.

समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा गावात बोलणं होतं की आता माल इथून थेट जाईल. गाड्या जातात खऱ्या, जोरात जातात. आमच्यासाठी थांबत नाहीत. ट्रॅव्हल्सपर्यंत कट्टे पोचवायला अजून मामंजींच्या काळातली बंडी नाहीतर धाकट्या दिराची मोटारसायकलच.

गेल्या आठवड्यात पुन्हा एका शहरातल्या दुकानदाराचा निरोप आला. २० क्विंटल, पिशव्या त्यांच्या, नाव त्यांचं, पैसे ६० दिवसांनी. भाव बरा आहे. मी वही काढून आकडे मांडत बसले. ताईंनी चाळणी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धे आधी मांग. नाही देत म्हणाला त सांग, आमची डाळ पुण्याले जाते."

मी तसाच निरोप पाठवला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. अंगणात काल आलेली सहा कट्टे तूर पसरलेली आहे आणि पश्चिमेकडून थोडं आभाळ येतंय, त्यामुळे आता उठते.